बंद घरांचा भार

बुधवारी डिचोलीचा बाजार भरतो, गुरुवारी पेडण्याचा. मे महिन्यात तिथे पुरुमेंताची खरेदी जोरात असते. सुकी मासळी, सोलं, गावठी मिरची, कांद्याच्या माळा, पावसाळ्याची सगळी बेगमी याच रस्त्यांवर होते. दुकानांच्या आणि पथाऱ्यांच्या त्या रांगेत मध्येच एखादे जुने चिरेबंदी घर उभे असते. दाराला गंजलेले कुलूप, सोप्यावर कुणाच्या तरी रिकाम्या पेट्या, परसात बाजाराचा टाकाऊ माल आणि त्यावर माजलेले रान. घर कोणत्या घराण्याचे, हे शेजारीपाजारी लगेच सांगतात. आज त्याचा मालक कोण, असे विचारले की मात्र उत्तर लांबत जाते. एक भाऊ मुंबईत होता, त्याची मुले आता कुठे असतात ठाऊक नाही. बहीण बेळगावात दिली. धाकट्याचा मुलगा म्हणे लंडनला आहे.

गोव्यातल्या छोट्या शहरांना येणारी अवकळा बऱ्याचदा अशाच एखाद्या घरापासून सुरू होते. बंद घराच्या कडेला कुणीतरी कचऱ्याची पहिली पिशवी टाकते. पाठोपाठ तिथे मोडकी रिक्षा येऊन उभी राहते. गटार तुंबते, डास वाढतात, शेजारचा दुकानदार गाळा सोडून जातो. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. सगळ्या एकत्र आल्या की अख्खी गल्ली नकोशी होते.

यावर हमखास निघते ती स्वच्छता मोहीम. हातमोजे येतात, झाडू येतात, ट्रॅक्टर भरून कचरा जातो आणि पंधरा दिवसांत ढीग पुन्हा त्याच जागी उभा राहतो. घर तेच, कुलूप तेच, मग दुसरे काय होणार? ज्या शहरांनी ही अवकळा खरोखर हटवली, त्यांच्या कामाचा क्रम वेगळा दिसतो. आधी पडीक जागांची पक्की यादी, मग त्या यादीसाठी जबाबदार एक माणूस, त्याच्या हाती चालणारा कायदा आणि थोडा पैसा, आणि शेवटी त्या जागेचे पुढे काय करायचे याचे उत्तर. पेडणे आणि डिचोली या दोन पालिकांसमोर आज नेमके हेच काम आहे.

एक कौल सरकते तेव्हा

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथली जुनी घरे चिऱ्याची, त्यातली कितीतरी मातीच्या लगद्यात बांधलेली, वर मंगळुरी कौले. असे घर उभे राहते ते दरवर्षीच्या देखभालीवर. पावसाच्या तोंडावर कौले परतायची, फुटकी बदलायची, पन्हळ साफ करायचे, वाशांना वाळवी लागली आहे का ते पाहायचे.

घर बंद झाले की पहिल्या एकदोन पावसाळ्यांत बाहेरून काहीच कळत नाही. मग माकडांच्या उड्यांनी किंवा माडाची झावळ पडून एखादे कौल सरकते. त्या फटीतून पाणी रिपेवर येते, रिपेवरून वाशावर. ओला वासा आतून कुजतो, वाळवी उरलेले काम करते. वासा खचला की आजूबाजूची कौले एकदम घसरतात आणि पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडू लागते. गिलावा सुटतो, चिऱ्यांमधली माती धुऊन जाते, फटीत पिंपळ रुजतो. आणखी काही पावसाळ्यांत भिंत रस्त्याच्या बाजूला झुकलेली असते, आणि पालिकेच्या कागदावर त्या घराची नोंद होते ती 'धोकादायक' म्हणून.

सगळ्या प्रश्नाचे अर्थकारण या क्रमात आहे. पहिले कौल जागेवर बसवायला एक माणूस, एक शिडी आणि अर्धा तास पुरतो. भिंत झुकल्यावर मात्र अभियंत्याचा अहवाल, पोलीस बंदोबस्त, जेसीबी, मोडतोडीचा कचरा वाहून नेणे आणि बहुधा न्यायालयाची पायरी, इतके सगळे लागते. पालिका या कामात उतरते ती नेमकी शेवटच्या टप्प्यावर, सर्वात महाग वेळी.

मालक आहेत, पण किती?

घर दुरुस्त करण्याआधीच अडते, याचे मोठे कारण वारसा हक्कात सापडते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली. या कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. सगळ्या मुलांचा वाटा सारखा, जोडीदाराचा निम्मा हक्क वेगळा. इस्टेटीचा ठरावीक हिस्सा मृत्युपत्रानेही वारसांकडून काढून घेता येत नाही. ही तत्त्वे न्यायाची आहेत आणि गोमंतकीयांना त्यांचा अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. पण पिढ्यानपिढ्या वाटणीच झाली नाही, तर एका घराचे वीस-पंचवीस सहमालक होतात. त्यातल्या प्रत्येकाचा घरावर हक्क असतो. कौले परतायला मे महिन्यात गावी यायची जबाबदारी मात्र नेमकी कुणावर, हे ठरलेले नसते.

वाटणीसाठी कायद्याचा रस्ता आहे. त्याला गोव्यात सगळे 'इन्व्हेंटरी' म्हणूनच ओळखतात. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांविषयीचा २०१२ चा गोव्याचा कायदा २०१६ च्या अखेरीस अमलात आला आणि जुन्या पोर्तुगीज तरतुदी एका चौकटीत आल्या. तरी इन्व्हेंटरी म्हणजे न्यायालयीन काम. सगळे वारस शोधा, त्यांना नोटिसा पोचवा, मालमत्तेची किंमत ठरवा, वकिलाची फी भरा. लहान शहरातल्या मोडकळीला आलेल्या घरासाठी एवढा खटाटोप कुणी अंगावर घेत नाही.

त्यात स्थलांतराची भर. पेडणे आणि डिचोलीची माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला जात आली आहेत. मुंबईतली गोवा हिंदू असोसिएशन १९१९ ची, यावरून ही वाट किती जुनी आहे ते कळते. नंतर आखात आले. पुढे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जाणाऱ्यांची रांग लागली. गावच्या देवाच्या जत्रेला, चतुर्थीला ही माणसे अजूनही येतात, पण चार दिवसांच्या मुक्कामात घराची डागडुजी होत नाही.

जिथे भाडेकरू आहेत तिथली अडचण आणखी वेगळी. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जुन्या भाड्यात घरमालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू खर्च करत नाही. मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, १९७५ च्या कायद्याने घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले, ही गोव्यातली फार मोठी सामाजिक सुधारणा. पण ज्यांचे खरेदीचे सोपस्कार अजून मामलेदार कार्यालयात पडून आहेत, त्यांना स्वतःच्या राहत्या घराची भिंत पक्की करायलाही दहा कागद जोडावे लागतात.

वर्षानुवर्षे कुणी फिरकत नाही अशा मालमत्तेवर गिधाडेही टपलेली असतात. पोर्तुगीज काळातली खोटी कागदपत्रे तयार करून दूरदेशी गेलेल्यांच्या जमिनी परस्पर विकल्याची प्रकरणे इतकी वाढली, की जून २०२२ मध्ये राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला गेला. पुढे २०२४ मध्ये वारस नसलेली मालमत्ता सरकारजमा करण्यासाठी विधानसभेने स्वतंत्र विधेयक संमत केले. बंद घराकडे दुर्लक्ष केले की फक्त भिंत पडते असे नाही, घराची मालकीही चोरीला जाते, हे गोव्याने असे अनुभवले आहे.

नोटिशीचा प्रवास

गोव्यात पणजी ही एकमेव महानगरपालिका आणि तिच्याशिवाय १३ नगरपालिका. पेडणे त्यांतली अगदी लहान. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास होती आणि प्रभाग १०. डिचोलीची लोकसंख्या त्याच जनगणनेत १७ हजारांच्या जवळ, प्रभाग १४. दोन्ही पालिकांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्यावर चालतो. धोकादायक इमारतीच्या मालकाला नोटीस देणे, अस्वच्छ जागा साफ करायला लावणे, बेकायदा बांधकाम थांबवणे, हे अधिकार त्यांना आहेत. तरीही काम पुढे का सरकत नाही, हे पाहायचे तर एका तक्रारीमागोमाग चालत जावे लागते.

शेजारी अर्ज देतो. अर्जावर आवक क्रमांक पडतो. पालिका निरीक्षक आणि कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन पाहणी करतात. अभियंता एकच, आणि रस्ते, गटारे, बांधकाम परवाने, निविदा हे सगळे त्याच्याच टेबलावर, त्यामुळे पाहणीलाच वेळ जातो. मग घरपट्टीच्या रजिस्टरात नाव शोधले जाते. तिथे आजोबांचे नाव असते. कित्येक वर्षांपूर्वी वारलेले. त्या नावाने नोटीस निघते, टपाल परत येते. नोटीस दारावर डकवली जाते आणि पहिल्या पावसात भिजून खाली पडते. दरम्यान सिटी सर्व्हेच्या फॉर्म डीवर वेगळेच नाव निघते, आणि शहराच्या कडेची जमीन असेल तर एक-चौदाच्या उताऱ्यावर तिसरे. घरपट्टीचे रजिस्टर पालिकेकडे, जमिनीची नोंद भूमापन खात्याकडे, फेरफार मामलेदाराकडे. ही तीन दप्तरे एकमेकांशी जुळवून पाहायचे काम कुणालाच नेमून दिलेले नाही.

घराबाहेर पाऊल टाकले की कारभार आणखी विखुरतो. रस्त्यावरचे दिवे वीज खात्याचे, मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, नदीकाठ जलस्रोत खात्याचा, मोठी बांधकामे जीसुडा (राज्याची नगरविकास संस्था) किंवा साधनसुविधा विकास महामंडळाची. बेवारस गाडी उचलायची तर वाहतूक पोलीस आणि वाहतूक खाते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या कारभाराला घटनात्मक स्थान मिळाले, बाराव्या परिशिष्टात १८ विषयांची यादीही आली. लहान पालिकांच्या हाती मात्र त्या प्रमाणात माणसे आली नाहीत आणि पैसाही आला नाही. घरपट्टी, व्यापार परवाने, बाजाराचा सोपो आणि सरकारी अनुदान यांवर पगार भागवून उरते ते थोडके. एका गल्लीची अवकळा काढायला चारपाच खात्यांनी एकाच आठवड्यात हजर व्हावे लागते. त्यांना एकत्र बोलावणारा माणूस नसेल तर प्रत्येक खाते आपापल्या सवडीने येते आणि अर्धे काम करून जाते.

डिचोलीची खाण, पेडण्याचा विमानतळ

दोन्ही शहरांना पालिकेच्या हद्दीबाहेरच्या घडामोडींनी झोडपले आहे.

डिचोलीच्या अंगाखांद्यावर लोहखनिजाची धूळ वर्षानुवर्षे बसली. टिप्परांच्या रांगांनी रस्ते फुटले. मग सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. मध्यंतरी पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर १६ मार्चपासून पुन्हा बंद झाल्या. तालुक्यातले टिप्पर दारादारांत उभे राहून गंजले. गॅरेजे, टायरची दुकाने, खानावळी ओस पडल्या. खाणीवर ज्यांचा पैसा फिरत होता त्यांच्या घराची रंगरंगोटीही थांबली. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांसाठी सरकारला सवलतीची योजना आणावी लागली.

लिलावानंतर डिचोली ब्लॉकमधली खाण २०२४ मध्ये सुरू झाली. या ब्लॉकमध्ये डिचोली, बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव असा वस्तीचा पट्टा येतो. घरे, देवळे, शेती लीजबाहेर काढावी, अशी ग्रामस्थांची मागणी आहे आणि ती समजण्यासारखी आहे. राहत्या घरावर लीजची रेषा ओढलेली असताना त्या घरावर पैसा घालायचे धाडस कोण करील? जिल्हा खनिज निधीचा पैसा खाणबाधित भागांसाठीच असतो. डिचोलीत त्यातला वाटा धूळ, पाणी आणि रस्ते यांच्या जोडीने पडीक घरांच्या दुरुस्तीकडे वळवावा, यासाठी पालिकेने आग्रह धरायला हवा.

पेडण्याची गोष्ट नेमकी उलट्या बाजूने सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. एरवी राज्याचे दूरचे टोक समजला जाणारा तालुका एका हंगामात जमीन व्यवहाराचे केंद्र झाला. हरमल, मांद्रे, मोरजीची किनारपट्टी आधीच तापलेली होती. आता डोंगरावरच्या गावांनाही भाव आला. बंद घराच्या बाबतीत असा भाव दोन्ही बाजूंनी काम करतो. दूर गेलेला वारस घराची चौकशी करू लागतो, हे खरे. पण प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसू लागतो आणि समजुतीने होणारी वाटणी कोर्टात जाते. किंमत आणखी वाढेल म्हणून घर तसेच ठेवून देणारेही असतात.

तालुक्यासाठी सप्टेंबर २०२३ च्या सुमारास झोनिंग आराखड्याचा मसुदा आला तेव्हा पेडणेकरांनी रस्त्यावर उतरून त्याला विरोध केला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. लोकांचे म्हणणे स्वच्छ होते: आमच्या गावाची आखणी आम्हाला विचारून करा. अवकळा हटवण्याच्या कोणत्याही योजनेला पेडण्यात हीच अट लागू आहे.

मयेने काढलेली वाट

डिचोली शहरापासून हाकेच्या अंतरावर मये गाव आहे. तळ्यामुळे पर्यटकांना ठाऊक असलेल्या या गावाने मालकीच्या गुंत्याचे टोक पाहिले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. गावाची जमीन ज्यांच्या नावावर होती ते पोर्तुगालला गेले. १९६४ च्या कायद्यानुसार ती स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली. पिढ्यानपिढ्या त्या जमिनीत राबणारे आणि तिथेच राहणारे गावकरी आपल्याच घरात मालकीविना राहिले. घराची दुरुस्ती असो की बँकेचे कर्ज, प्रत्येक वेळी कस्टोडियनचे दार.

गावाने यासाठी दीर्घ लढा दिला. शेवटी २०१४ मध्ये विधानसभेने जुने सरंजामी हक्क रद्द करणारा कायदा केला आणि मयेवासीयांना जमिनीच्या सनदा मिळण्याचा मार्ग खुला झाला. सगळे प्रश्न तिथेच संपले असे नाही. प्रत्येक सनदेमागे मोजणी, दावे, पुरावे आलेच. पण मालकी साफ करण्यासाठी खास कायदा आणि खास यंत्रणा लागते, आणि लोकांनी रेटा लावला तर ती उभी राहते, हे याच तालुक्यात घडले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेली 'म्हजें घर' योजना सरकारी आणि कोमुनिदादच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनीवरच्या जुन्या घरांना नियमित करण्याचे आश्वासन देते, तेही याच दिशेचे पाऊल आहे. खासगी, बहुवारशी, बंद घरांसाठी मात्र असा विशेष प्रयत्न अजून व्हायचा आहे.

इतर शहरांनी काय केले

मुंबईने हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच अंगावर घेतला. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आले. आज ते म्हाडाचा भाग आहे. सुरुवातीला १९,६४२ उपकरप्राप्त इमारती नोंदल्या गेल्या. अख्ख्या शहरातल्या जुन्या इमारतींची नाव-पत्त्यानिशी यादी होणे आणि दुरुस्तीचा खर्च सगळ्यांनी वाटून उचलणे, या दोन गोष्टी त्या काळी मोठ्या होत्या. पण भाडी गोठलेली राहिली, उपकराचा पैसा अपुरा पडला आणि इमारती पडतच राहिल्या. दुरुस्तीच्या जोडीने मालक आणि भाडेकरू दोघांनाही पटेल असा हिशेब नसेल तर मंडळ एकट्याने इमारत सावरू शकत नाही, हे मुंबईने फार मोठी किंमत मोजून दाखवले.

अमेरिकेतले डेट्रॉइट २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेले. कारखाने गेले, माणसे गेली, घरांच्या ओळीच्या ओळी ओसाड पडल्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पुढाकाराने सरकारी अधिकारी, उद्योजक आणि सामाजिक संस्था यांचे एक कृती दल नेमले गेले. या दलाने पाडापाडीआधी मोजणी केली. हाती टॅब्लेट घेतलेली माणसे गल्लोगल्ली फिरली आणि पावणेचार लाखांहून अधिक मालमत्तांची छायाचित्रांसह नोंद झाली. त्यातून सुमारे ४० हजार बांधकामे पडीक ठरली. मग कोणते घर वाचवायचे, कोणते पाडायचे आणि कोणत्या वस्तीत आधी हात घालायचा, हे नकाशावर ठरले. कर थकलेल्या, बेवारस जागा ताब्यात घेऊन त्या पुन्हा वापरात आणण्यासाठी शहराची भूमी बँक होतीच. तिच्याकडे हे काम आले.

फिलाडेल्फियाने आणखी साधा उपाय केला. रिकाम्या इमारतीला चालती दारे-खिडक्या बसवा, फळ्या ठोकून ठेवू नका, असा नियम करून २०११ पासून त्याची अंमलबजावणी सुरू केली. तिथेच पडीक प्लॉट साफ करून हिरवळ, थोडी झाडे आणि कमरेएवढे कुंपण करण्याचा प्रयोग झाला. संशोधकांनी ५४१ प्लॉटांवर तो शास्त्रीय पद्धतीने तपासला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, साफ आणि हिरव्या केलेल्या जागांच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांहून अधिक घटले. दारासमोरचा उकिरडा माणसाच्या मनावर बसतो, हे शेजारी राहणाऱ्याला कळतच होते. आता त्याला आकड्याचा आधार मिळाला.

गोव्यातही नमुने आहेत. पणजीत जुने गोमेकॉ, म्हणजे १८४२ च्या वैद्यकीय शाळेची इमारत, इस्पितळ बांबोळीला हलल्यावर रिकामी पडली होती. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि ती इमारत दुरुस्त होऊन महोत्सवाचे ठिकाण झाली. ठरलेली तारीख आणि ठरलेला वापर, या दोन गोष्टींनी तिला वाचवले. कचऱ्याच्या बाबतीत पणजीने रस्त्यावरच्या कुंड्या हटवल्या, घरोघरी उचल सुरू केली, पुढे वसाहतींत सोळा प्रकारांत वर्गीकरणापर्यंत मजल मारली. साळगावच्या पठारावर पूर्वी उघड्यावर कचऱ्याचा डोंगर होता. २०१६ पासून तिथे प्रक्रिया प्रकल्प चालतो, त्याची क्षमता दिवसाला १०० टनांवरून २५० टनांवर गेली. एकेका पंचायतीला न झेपणारे काम राज्याने एकत्र करून उचलले, म्हणून हे साधले.

पेडणे आणि डिचोलीत काय करता येईल

साळगावचे सूत्र पडीक घरांनाही लागू पडते. पेडण्याच्या पालिकेने स्वतंत्र वास्तुतज्ज्ञ, वकील आणि भूमापक ठेवावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण उत्तर गोव्यातल्या छोट्या पालिकांनी मिळून असे एक पथक ठेवले, तर ते आठवड्यातला एकेक दिवस प्रत्येक शहराला देऊ शकते. दोन्ही तालुक्यांत उपजिल्हाधिकारी आणि मामलेदार बसतात. त्यांच्या पुढाकाराने पालिका, भूमापन, वीज, बांधकाम खाते आणि वाहतूक पोलीस यांची महिन्यातून एक बैठक घेता येईल. तिच्यापुढे एकच विषय असावा, पडीक जागांची यादी. प्रत्येक जागेपुढे काय झाले आणि कुणाकडे अडले, एवढेच त्या बैठकीत विचारले जावे.

यादी बनवायला परदेशी सल्लागार लागत नाही. प्रभाग छोटे आहेत, नगरसेवकाला घर आणि घर माहीत असते. स्वयंसाहाय्य गटातल्या महिला आणि महाविद्यालयातली मुले फोन हातात घेऊन आठवडाभर फिरली, तर एका प्रभागाची छायाचित्रांसह नोंद होईल. घर बंद कधीपासून, छपर कसे आहे, घरपट्टी कुणाच्या नावे, शेवटची कधी भरली, वारसाचा फोन शेजाऱ्याकडे आहे का, असे पाचसहा प्रश्न पुरेत. चतुर्थीला आणि पेडण्याच्या पुनवेच्या उत्सवाला वारस गावात येतात. त्या दिवसांत पालिकेने मदतकक्ष उघडला तर परत येणाऱ्या टपालापेक्षा खूप काही साधेल.

कारवाईची शिडीही स्पष्ट हवी. पहिल्या पायरीवर समजुतीचे पत्र आणि कौले परतणाऱ्या कारागिरांची नावे. दुसऱ्या पायरीवर मुदतीची नोटीस. तिसऱ्यावर पालिकेने स्वतः छपर झाकायचे, परस साफ करायचे, आणि खर्च घरपट्टीच्या थकबाकीसारखा त्या मालमत्तेवर नोंदवायचा. पाडकाम अगदी शेवटी, आणि तेही अभियंत्याच्या अहवालानंतर. ज्यांना इन्व्हेंटरीचा खर्च झेपत नाही अशा कुटुंबांना विधी सेवा प्राधिकरणाची मदत जोडून देता येईल.

वापराचे उत्तर मात्र गावातूनच यायला हवे. डिचोलीत मातीची भांडी घडवणारे कुंभार आहेत. बाजारातले एखादे जुने घर वारसांकडून ठरावीक वर्षांच्या कराराने घेऊन तिथे त्यांचा माल मांडला, तर घराला छपर मिळेल आणि कुंभारांना दुकान. पेडण्यात गुरुवारी लांबून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांना माल ठेवायला सुरक्षित खोली आणि स्वच्छतागृह हवे असते. मालकी वारसांचीच राहील, ताबा फक्त ठरलेल्या काळापुरता असेल, असे करारात निःसंदिग्ध लिहिले तर दूरचे वारसही तयार होतील. जमीन बळकावण्याची प्रकरणे पाहिलेल्या गोव्यात या एका वाक्याचे मोल फार आहे.

पेडण्याचे १० आणि डिचोलीचे १४ मिळून प्रभाग होतात अवघे २४. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास काम हाती घेतले, तर मार्चच्या अंदाजपत्रकाआधी दोन्ही याद्या पुऱ्या होऊ शकतात आणि एप्रिल-मे हा कौले परतण्याचा हंगाम हाती उरतो. पहिल्या वर्षी यादीतल्या मोजक्या घरांवर कौले चढली, तरी पुढच्या वर्षी या कामासाठी स्वतंत्र रक्कम मागताना नगरसेवकांना सरकारपुढे छायाचित्रे आणि खर्चाचा हिशेब ठेवता येईल.